मानेचा पट्टा

धक्का तसा काहीच नव्हता. बारामतीच्या भिगवण चौकात दत्तोबानं व्हॅन थांबवली होती. पुढं उसाची ट्रॉली आडवी झालेली, ती सरळ व्हायची वाट बघत तो स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसलेला, आणि मागनं एक टेम्पो येऊन व्हॅनला टेकला. आदळला म्हणावं तर तेही नाही. गोठ्यात शिरताना म्हैस माणसाला बाजूला सारते, तेवढंच. पण तेवढ्यात त्याचं अंग पुढं गेलं आणि डोकं मागंच राहिलं, आणि मग कुणी हिसडा द्यावा तसं ते डोकं अंगाच्या मागोमाग आलं. पापणी लवायच्या आत सगळं आटोपलंसुद्धा. डॅशबोर्डवरचा खंडोबा जागचा हलला नव्हता. दत्तोबाला मात्र तो मधला क्षण, डोकं आणि अंग एकमेकांना सोडून गेल्याचा तो क्षण, लख्ख कळला. एवढंच झालं होतं तर म्हाळसाला. बायकोच्या बाबतीत जे दीड वर्ष त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं ते एका टेम्पोनं शिरवलं.

टेम्पोवाला खाली उतरून खिडकीशी आला. भांडायच्या तयारीनं आला होता, बाह्या वर सारून. "तात्या, बंपरला ओरखडा बी न्हाय. उतरून बघा की." पानपट्टीवरून दोघं-तिघं गोळा झाले आणि त्यांच्यातल्या एकानं मागं वाकून बघून निकाल दिला, "काय झालं न्हाय, जाऊ द्या." दत्तोबा उतरला नाही. एरवी व्हॅनवर धूळ बसली तरी त्याचा जीव खालीवर व्हायचा, डेअरीत बरोबर काम करणारे लोक व्हॅनला त्याची दुसरी बायको म्हणून चिडवायचे. पण आज तो सीटवर पाठ टेकून तसाच बसून राहिला आणि म्हणाला, "बंपर गेला खड्ड्यात." टेम्पोवाला गडबडला. "मग तुमाला लागलं का?" दत्तोबा म्हणाला, "आज न्हाय कळायचं. उद्या सकाळी कळंल." टेम्पोवाल्यानं पानपट्टीवाल्याकडं बघितलं, पानपट्टीवाल्यानं कपाळाशी बोट फिरवलं, आणि तेवढ्यात ट्रॉली सरळ झाली. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा गोंधळ घातला. दत्तोबा कळसच्या वाटेला लागला. तिकडंच निघाला होता तो, म्हाळसाला आणायला. ती दिवाळीला तिथं सासऱ्याकडं, म्हणजे त्याच्या वडलांकडं, आबांकडं गेली ती परत आलीच नव्हती. भांडण नाही, रुसवा नाही. आबांचं जेवणाचं बघते, असं तिनं सांगितलं आणि यानं मान डोलावली. ऊस निम्मा तुटून गेला तरी आबांचं जेवण काही संपेना. आज येते म्हणेल की नाही, याची त्याला खात्री नव्हती. गाडीत एकटाच बसून तो वाक्यं जुळवत होता आणि मोडत होता.

"काय झालं न्हाय." हेच शब्द तेव्हाही होते. शहाण्णवच्या उन्हाळ्यात इंदापूरला नात्यातलं लग्न होतं. व्हॅन नवीनच घेतलेली, म्हणजे कुणीतरी वापरून विकलेली, पण सीटवरचं प्लॅस्टिक अजून शाबूत. पहिल्याच दिवशी आबा तोऱ्यात पुढं बसायला गेले आणि सीटच्या वरची ती डोकं टेकायची उशी त्यांच्या तांबड्या पागोट्याला मागनं लागली. पागोटं पुढं सरकून भुवयांवर आलं. "ही उशी हाय का खुट्टी?" आबा करवादले. आयुष्यभर मेंढरांमागं चाललेला माणूस, त्या पागोट्याखाली त्यांनी ऊन-पाऊस काढलेला, आणि त्याला एका गाडीनं नमतं घ्यायला लावावं हे दत्तोबाला कसंसंच वाटलं. त्यानं दोन्ही दांड्या उपसून उशी काढली आणि घरी माळ्यावर टाकली. आबा ऐटीत बसले. पुढारी चाललाय असं दिसत होतं, आणि ते बघून म्हाळसा तोंडाला पदर लावून हसली होती. उशी म्हणजे झोपायची, एवढंच सगळ्यांना ठाऊक. तिथं ती कुणी आणि कशाला लावली असेल, हा प्रश्न एकालाही पडला नाही. डेअरीत शीतगृहाचा कारभार बघणाऱ्या, यंत्राचा एक नट कमी दिसला तरी पाळी थांबवणाऱ्या दत्तोबालाही नाही.

लग्नाला निघाले त्या दिवशी मात्र म्हाळसाला गाडी लागायला लागली. मागच्या सीटवर ती पांढरीफटक झाली तसे आबा स्वतःच खाली उतरले. "म्होरं बस पोरी. वारं लागंल." सासरा मागं आणि सून पुढं! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बसली, पण सासऱ्याकडं पाठ कशी करायची, म्हणून अंग पुढं आणि मान मागं वळवलेली, पदर डोक्यावरनं ओढून, अशी ती सगळी वाट तिरकी बसून राहिली. दत्तोबाच्या तोंडावर आलं होतं, सरळ बस की. पण आबांच्या देखत बायकोला असं काही बोलणं त्याला बरं दिसेना. लोणी देवकरच्या जवळ मेंढरांचा कळप रस्त्याला आडवा आला. दत्तोबानं गाडी थांबवली. हॉर्न वाजवला नाही. धनगराच्या पोरानं मेंढरांवर हॉर्न वाजवायचा म्हणजे काय? आबा खिडकीतून वाकून, "कुणाचा वाडा हाय रं? कुणाची मेंढरं?" असं विचारत होते, आणि मागनं येणाऱ्या जीपला थांबता आलं नाही. आजच्यापेक्षा जरा जास्त धक्का, पण फार नाही. दत्तोबा दार उघडून धावला तो थेट बंपरकडं. बंपर आत गेला होता. त्यानं जीपवाल्याची कॉलर धरली, चार माणसं जमवली, घसा बसेपर्यंत भांडला. आबांनी तेवढ्यात, मेंढरू न्हाय ना लागलं, म्हणून चौकशी केली. सगळे परत गाडीत बसले तेव्हा म्हाळसा मानेवर हात ठेवून बसली होती आणि ती म्हणाली, "काय न्हाय झालं." तिला कुणी विचारलंही नव्हतं. पुढं लग्नात ती पंगतीत वाढायलासुद्धा उठली. तिला काही झालं असेल अशी शंका यावी असं काही दिसत नव्हतं, असं दत्तोबा स्वतःला पुष्कळदा सांगायचा. पण बघितलं कुणी होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उशीवरनं डोकं उचलता येईना. "उसण भरली," दत्तोबा म्हणाला, आणि मनातून थोडा सुखावलाच, कारण उसण हा त्याचा प्रांत होता. तो पायाळू. आईच्या पोटातून पाय आधी घेऊन आलेला. पायाळू माणसाचा पाय लागला की उसण जाते, हे कळसमध्ये सगळ्यांना माहीत. लहान होता तेव्हापासून लोक दारात येऊन पालथे पडायचे आणि आजी त्याला धरून त्यांच्या पाठीवर पाय लावायला लावायची. कुणी गूळ द्यायचं, कुणी खोबऱ्याची वाटी. मोठेमोठे पाटील त्या पोराच्या पायाखाली गपगार व्हायचे आणि उठताना बरं वाटतंय म्हणायचे. त्यांना खरंच बरं वाटायचं का पोराचं मन मोडू नये म्हणून ते म्हणायचे, हे त्यानं कधी तपासलं नाही. बारामतीत आल्यावरही डेअरीतले हमाल जेवणाच्या सुट्टीत त्याच्याकडं यायचे. तर बायकोची मान म्हणजे घरचंच काम. त्यानं तिला चटईवर पालथं झोपवलं आणि हलका पाय लावला. काही झालं नाही. दुसऱ्यांदा लावला. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता." इथंच त्याचं काहीतरी डिवचलं गेलं. सगळ्या गावाची उसण गेली आणि घरच्या माणसाची जात नाही? त्यानं टाच मानेवर टेकवली आणि भार दिला. आत कुठंतरी कट्ट वाजलं. "सुटली!" तो म्हणाला. म्हाळसा ओरडली नाही. तिनं चटईची कड मुठीत घट्ट धरली, एवढंच. संध्याकाळी भाकरी थापताना तिच्या डाव्या हाताला मुंग्या आल्या आणि परातीतलं पीठ सांडलं.

तो कट्ट आवाज आज इंदापूरच्या रस्त्यावर, दोन्ही बाजूला तुटलेल्या उसाची पाचट पेटलेली असताना, दत्तोबाला पुन्हा ऐकू आला. त्यानं नुसती मान वळवून आरशात बघायला घेतलं आणि उजव्या बाजूला एक शीर ताणली. आली, तो मनात म्हणाला. एवढ्यात आली. हाताच्या मुंग्या जाईनात म्हणून म्हाळसाला नेलं होतं, त्या हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं तेही आठवलं. शांत माणूस, पण पायाचं ऐकून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. "मानेवर? टाच? नशीब समजा, बाई चालत आल्यात." मग त्यांनी हाताची मूठ वळून मनगटावर डोलवून दाखवली. गाडी मागनं ढकलली की अंग पुढं जातं, डोकं जड, ते जागेवर राहतं, मधल्या मध्ये मान ताणली जाते, मग डोकं फेकलं जातं. मान वळवलेली असली तर आणखी वाईट. "सीटला मागं डोकं अडायला काही नव्हतं का?" दत्तोबा म्हणाला, व्हतं, काढून ठिवलंय. का काढलं ते त्यानं सांगितलं नाही. आबांचं पागोटं त्या पांढऱ्या खोलीत आणायला त्याची जीभ धजावली नाही. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि सांगितलं, दुखणं उतरेपर्यंत थोडे दिवस लावा, मग काढा आणि मान हळूहळू हलवायला लागा, थोडी दुखली तरी हलवा, बांधून ठेवलेली मान वळायचं विसरते. दत्तोबानं यातलं पहिलं अर्धं ऐकलं. उरलेलं अर्धं त्याच्या कानावर पडलं होतं, पण आत गेलं नाही, कारण आत तो कट्ट आवाज बसला होता.

आणि मग त्यानं तिला जपलं. जीव तोडून जपलं, हे कुणीही सांगेल. त्याची सगळी नोकरी शीतगृहात गेलेली. माल नासायचा नसेल तर गार ठेवायचा, दार सारखं उघडायचं नाही, उगाच हलवायचा नाही. म्हाळसाचंही त्यानं तेच केलं. पाणी भरायचं नाही, दळण उचलायचं नाही, वाकायचं नाही, वळायचं नाही. पाळीवरनं आला की उंबऱ्यातनंच पहिला शब्द, "पट्टा?" ती हनुवटी वर करून दाखवायची. जेवताना, टीव्ही बघताना, देवापुढं हात जोडताना, "हलू नगंस." शेजारणी म्हणायच्या, नवरा असावा तर असा. हळूहळू म्हाळसा अशी झाली की कुणी हाक मारली तर नुसती मान फिरवायची सोडून सगळं अंग फिरवायची, बैलगाडी वळवावी तशी. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी ते आबांच्या मेंढरांमागं माण देशापर्यंत गेले होते. ती डोक्यावर बोजा घेऊन पुढं चालायची, आणि चालणं न थांबवता, बोजा न हलवता, खांद्यावरनं नुसती मान वळवून मागं बघायची. काही म्हणायची नाही. येताय न्हवं, एवढंच त्या बघण्यात असायचं. बारामतीच्या खोलीत आल्यावरही तो पाळीला निघाला की आत वळता वळता ती तसंच बघायची. दत्तोबाला त्या बघण्याची सवय होती. पट्ट्यानंतर ते बघणं गेलं, आणि दुखण्यापायी गेलं असं तो समजत राहिला. आपण रोज उंबऱ्यात उभं राहून ते पुन्हा पुन्हा बांधून घालतोय, हे या शहाण्याच्या ध्यानातच आलं नाही.

उशी त्यानं माळ्यावरनं काढून परत बसवली होती, अगदी कानाच्या उंचीपर्यंत वर ओढून. म्हाळसा मात्र व्हॅनमध्ये पुढं बसेना. मग एकदा आबांना डोळे दाखवायला इंदापूरला न्यायचं होतं. आबा दाराशी आले, उशीकडं बघितलं, आणि थोडा वेळ तसेच उभे राहिले. दत्तोबा म्हणाला, "आबा, मागं बसा की ऐसपैस." दोन्ही हातांनी त्यांनी पागोटं डोक्यावरनं जसंच्या तसं उचललं, पुढच्या सीटवर बसले, पागोटं मांडीवर घेतलं आणि डोकं मागं उशीला टेकवलं. चारचौघांत कधी बोडक्या डोक्यानं न दिसलेला बाप. कपाळाचा वरचा भाग, जिथं आयुष्यात कधी ऊन लागलं नव्हतं, लहान मुलासारखा गोरा. रस्त्यात ओळखीची माणसं रामराम करत होती आणि आबा पागोट्यावर हात ठेवून सरळ पुढं बघत होते. दत्तोबाला म्हणायचं होतं, आबा, उशी मी काढली, तुमी न्हाय. सगळ्या वाटेत त्यानं ते ओठांवर आणलं आणि प्रत्येक गाव आलं की पुढच्या गावावर ढकललं. इंदापूर आलं तेव्हा त्यानं विचारलं, "चहा घ्यायचा का?"

कळसला पोचेपर्यंत दत्तोबाची मान लाकूड झाली होती. त्यानं वस्तीवर गाडी उभी केली. आबा बाजेवर बसले होते, पागोटं डोक्यावर. पलीकडं, मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळीच्या आत, म्हाळसा पाठमोरी बसून कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. कोकरं तिच्या चहूबाजूंनी उड्या मारत होती. त्यानं इंजिन बंद केलं. आवाज थांबला तशी तिनं बसल्या जागेवरनं, हातातली बाटली न हलवता, खांद्यावरनं नुसती मान वळवली आणि त्याच्याकडं बघितलं.

"आलात व्हय?"

दत्तोबा जागीच खिळला. किती दिवसांनी! त्याला रडायला येईल असं वाटलं आणि तोंडातून मात्र सवयीनं तेच निघालं, "पट्टा कुठं हाय?"

तिनं हनुवटीनं ओट्याकडं खूण केली. पाण्याच्या माठाखाली तो पट्टा गोल करून ठेवलेला होता, चुंबळीसारखा. आबा म्हणाले, "माठ डुगडुगत व्हता. आता झ्याक बसलाय."

"डॉक्टरला इचारलंस?"

"डॉक्टरनंच सांगितलं व्हतं. तुमच्या म्होरंच." ती बाटली ठेवून उठली. "हितं आल्यावर कोण म्हणणार हलू नगंस? ही कार्टी चारी वाटांनी पळत्यात. मान न्हाय वळवली तर कोकरू लांडग्याचं. पहिलं पहिलं लई दुखलं. मग कमी. आता आभाळ आलं की तेवढं."

"मला म्हणायचं न्हाईस?"

"म्हणत व्हते की."

"कवा?"

"रोज," म्हाळसा म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. राग नव्हता. झालेलं सांगावं तसं तिनं सांगितलं. दत्तोबाला आठवलं, ती पट्ट्याच्या कडेला बोट घालून म्हणायची, काढू का जरा? तो म्हणायचा, नगं. किती सहज म्हणायचा. टाच दिली त्याचं त्याला दुःख होतं, दीड वर्ष तो ते उराशी धरून बसला होता, पण त्या दुःखानंच त्याला एवढं घाबरवलं की घाबरून तो तिच्या मानेवर पहारा देत बसला. टाच एका सकाळची होती. पहारा रोजचा होता. ती बरी झाली ती त्याच्यापासून लांब जाऊन, माठाखाली पट्टा घालून, आणि याचा आनंद करावा की तोंड लपवावं हे त्याला कळेना.

"मान का अशी धरलीय?" तिनं विचारलं.

"चौकात एक टेम्पो टेकला. काय न्हाय."

हे ऐकून आबा बाजेवरनं खाली उतरले. म्हाळसा त्याच्या मागं येऊन उभी राहिली. मानेवर तिचा हात पडला तसा तो आकसला. हात नुसताच ठेवलेला होता, दाबत नव्हता. "हाताला मुंग्या येत्यात?" "न्हाय." "चक्कर? डोळ्याम्होरं अंधारी?" "न्हाय." "मग भ्यायचं काम न्हाय. हळू हळू हलवत ऱ्हा, अशी." आणि मग थोडं थांबून, "म्या काय पायाळू न्हाय." आबा खो खो हसले, आणि हसता हसता मध्येच थांबून दुसरीकडं बघायला लागले.

दत्तोबाची जुळवलेली वाक्यं सगळी कुठं गेली कुणास ठाऊक. तो एवढंच म्हणाला, "न्यायला आलोय."

म्हाळसानं कोकराचं तोंड पदरानं पुसलं. मग म्हणाली, "येते. पर हलू नगंस म्हणायचं न्हाय."

तो मान डोलवायला गेला आणि कळ मस्तकात गेली. त्याला ते तोंडानंच म्हणावं लागलं. "न्हाय म्हणणार."

"आबांच्या म्होरं सांगा."

"आबा, न्हाय म्हणणार. आन् उशी म्या काढली व्हती. तुमच्या पागोट्याचा काय दोष न्हाय." आबांनी नुसता हात हलवला, जा आता, अंधार पडंल.

म्हाळसा पिशवी घेऊन आली आणि न सांगता पुढं बसली. डोकं टेकवून बघितलं. मग त्याच्या सीटकडं बघून म्हणाली, "तुमची उशी एवढी खाली दाबलेली का?" खरंच, तिची वर ओढली तेव्हा स्वतःच्या उशीकडं त्यानं बघितलंच नव्हतं. ती मानेच्याही खाली होती. तिनं वाकून ती दोन्ही हातांनी ओढली, कट्ट वाजून ती त्याच्या कानाच्या उंचीला बसली. तो आवाज दोघांनीही ओळखला.

गाडी निघाली. म्हाळसानं खांद्यावरनं वळून मागं बघितलं, आबा दिसेनासे होईपर्यंत. त्याला तिचं तोंड बघायचं होतं, पण मान वळत नव्हती. सगळं अंग फिरवावं तर हातात स्टिअरिंग. कडेच्या नजरेत नुसता तिचा कान आणि कुडी दिसत होती. मोठ्या रस्त्याचा फाटा आला. उजवीकडनं उसाचे ट्रक, डावीकडनं एस्ट्या, आणि दत्तोबाला कुठलीच बाजू दिसेना. तो ब्रेकवर पाय ठेवून बसून राहिला. मागं कुणीतरी हॉर्न दिला.

"थांबा," म्हाळसा म्हणाली. तिनं मान उजवीकडं वळवली, त्याच्यापलीकडं नजर टाकली. मग डावीकडं, मग पुन्हा उजवीकडं, सावकाश, दर वेळी हनुवटी खांद्यापर्यंत नेऊन. "एक ट्रक हाय. जाऊ द्या त्याला."

ट्रक गेला. दत्तोबा समोर बघत होता. दुसरीकडं त्याला बघताच येत नव्हतं.

"आता कुणी न्हाय," ती म्हणाली. "चला."